गच्चीवरचा लॉग पीरिऑडिक अँटेना

लहान-मोठ्या दांड्यांचा लॉग पीरिऑडिक रेडिओ अँटेना एकट्यानेच अनेक बँड सांभाळतो. पण 14 मेगाहर्ट्‌झसाठी त्याची सर्वांत लांब दांडी 10 मीटरच्या वर जाते. अंधेरी-घाटकोपरच्या गच्चीवर ती मावणं कठीण. 144 मेगाहर्ट्‌झला मात्र साधारण 1 मीटर पुरतो. आखूड दांड्यांची बाजू समोरच्या स्टेशनाकडे ठेवा. बोरिवली-मुलुंडच्या मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत, तिथे थेट संपर्काचा भरवसा धरू नका. सोसायटीची लेखी परवानगी घ्या, विमानतळाजवळ उंचीचे नियम तपासा. खाऱ्या हवेसाठी स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट वापरा, केबलच्या जोडांत पाणी शिरू देऊ नका, खांबाला अर्थिंग द्या. आणि हे सगळं पावसाळ्याआधी उरका.