शिकविणाऱ्याचे शिकणे

वाराणसी ही अध्यापकांची नगरी आहे. जोनाथन डंकन यांनी १७९१ साली येथे संस्कृत पाठशाळा स्थापन केली. १८९८ साली अॅनी बेझंट यांच्या पुढाकाराने सेंट्रल हिंदू कॉलेज सुरू झाले आणि त्याच्याच पायावर पंडित मदनमोहन मालवीय यांनी १९१६ साली बनारस हिंदू विद्यापीठाची उभारणी केली. असहकाराच्या चळवळीतून १९२१ साली काशी विद्यापीठ जन्मास आले. इतक्या विद्यासंस्था ज्या नगरीत नांदतात, तेथे अध्यापकाला शिकवावे कसे हे शिकविण्याची गरज ती काय, असा प्रश्न कोणालाही सुचेल. परंतु विद्वत्ता आणि अध्यापन या दोन गोष्टी एक नव्हेत. विषय जाणणे हे पहिल्याचे लक्षण, तर न जाणणाऱ्याला जाणणे हे दुसऱ्याचे. महाविद्यालयीन शिक्षणाच्या रचनेत पहिल्याची कसोटी पदवी, प्रबंध आणि मुलाखत यांच्या साहाय्याने घेतली जाते. दुसऱ्याची कसोटी क्वचितच घेतली जाते. प्राथमिक शाळेतील शिक्षकाला नेमणुकीपूर्वी अध्यापनाची पदविका मिळवावी लागते, पण पदवीच्या वर्गाला शिकविणारा प्राध्यापक अशा कोणत्याही तयारीवाचून वर्गात प्रवेश करतो.

याची किंमत कोण देतो, हे पाहण्यासाठी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाकडे पाहावे. बनारसच्या महाविद्यालयांत बलिया, गाझीपूर, जौनपूर, चंदौली, सोनभद्र या जिल्ह्यांतून मुले-मुली येतात. मदनपुरा आणि अलईपुरा येथील विणकरांच्या घरांतूनही येतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच असतात. घरी भोजपुरी, शाळेत पुस्तकी हिंदी आणि विज्ञानाच्या किंवा वाणिज्याच्या ग्रंथांत इंग्रजी, अशा तीन भाषांच्या उंबरठ्यांवरून त्यांना जावे लागते. ज्या मुलाच्या घरी पुस्तके आहेत आणि वडील वकील किंवा प्राध्यापक आहेत, त्याला व्याख्यानातले न समजलेले संध्याकाळी कोणी तरी समजावून सांगते. ज्याला असे कोणी नाही, त्याच्यासाठी वर्गातील पन्नास मिनिटे हेच सारे शिक्षण असते. म्हणून निष्काळजी अध्यापनाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्यापाशी दुसरा आधार नाही, त्याच्यावरच तो पडतो.

भाषेचा हा प्रश्न या नगरीला नवा नाही. पैठणच्या एकनाथांनी आपला भागवतावरील मराठी ग्रंथ शके १४९५ मध्ये काशीतच पूर्ण केला आणि प्राकृतात ज्ञान सांगितल्याबद्दल येथील पंडितांनी त्यांना जाब विचारला, असे परंपरा सांगते. साडेचार शतकांनंतरही तो वाद मिटलेला नाही. विद्यार्थ्याला कळेल अशा भाषेत विषय आणणे हे विद्येचे अवमूल्यन आहे की विद्येचा विस्तार, हाच त्या वादाचा गाभा आहे.

अध्यापकांच्या प्रशिक्षणाचा विचार स्वातंत्र्याबरोबरच सुरू झाला. १९३९ ते १९४८ या काळात बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू असलेले डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन लगेच विद्यापीठ शिक्षण आयोगाचे अध्यक्ष झाले. हायस्कूल आणि इंटरमिजिएट महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी विद्यापीठांनी उजळणी वर्ग चालवावेत, अशी शिफारस त्या आयोगाने केली. १९६६ साली अहवाल देणाऱ्या कोठारी आयोगाने पुढचे पाऊल टाकले. नव्या अधिव्याख्यात्यांसाठी उद्बोधन वर्ग असावेत आणि मोठ्या विद्यापीठांत त्यांना कायम स्वरूपाची संस्था लाभावी, असे आयोगाने सुचविले. हे प्रत्यक्षात येण्यास दोन दशके लागली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने निरनिराळ्या विद्यापीठांत अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे स्थापिली. बनारस हिंदू विद्यापीठातही असे कॉलेज निघाले. नव्या प्राध्यापकासाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि अनुभवी प्राध्यापकासाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, अशी त्यांची रचना रूढ झाली.

पुढे नावे बदलत गेली. २०१४ साली २५ डिसेंबरला, मालवीयांच्या जयंतीदिनी, त्यांच्याच नावाने अध्यापक व अध्यापनविषयक राष्ट्रीय अभियानाचा आरंभ वाराणसीतच झाला. २०१५ मध्ये स्टाफ कॉलेजांना मानव संसाधन विकास केंद्रे म्हटले गेले आणि २०२३ मध्ये त्यांचे मालवीय मिशन अध्यापक प्रशिक्षण केंद्रांत रूपांतर झाले. त्या वेळी अशा केंद्रांची संख्या १११ ठरविण्यात आली. नव्या अभ्यासक्रमाच्या आठ सूत्रांत विद्यार्थ्यांमधील वैविध्य आणि समावेशक शिक्षण हेही एक सूत्र आहे. चाळीस वर्षांपूर्वी जो विषय व्याख्यानमालेच्या कडेला होता, तो आता विषयसूचीत आला, ही प्रगती मान्य करावी लागेल.

तथापि विषयसूचीत आलेली गोष्ट वर्गात येतेच असे नाही. आरंभापासून हे वर्ग बढतीशी जोडले गेले. या जोडणीमुळे उपस्थिती मिळाली, हा लाभ झाला. पण उपस्थितीचे प्रमाणपत्र हेच साध्य होऊन बसले, हा तोटाही झाला. वर्ग संपतो, प्रमाणपत्र सेवापुस्तिकेत नोंदले जाते आणि प्राध्यापक त्याच जुन्या टिपणांसह त्याच वर्गात परततो. त्या वर्गातील कोण नापास झाले आणि का, हे प्रशिक्षण देणाऱ्याने विचारलेले नसते आणि घेणाऱ्याने सांगितलेले नसते.

हे विचारल्याने काय घडू शकते, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात मिळते. १९७० नंतरच्या दशकात तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमात मोठ्या संख्येने नापास होत. युरी ट्रायझमन या तरुण गणितज्ञाने प्रथम अध्यापकांनाच कारण विचारले. उत्तरे ठरावीक आली: जिद्द कमी, पूर्वतयारी कच्ची, घरचा पाठिंबा नाही, गरिबी. मग त्याने कृष्णवर्णीय आणि चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष राहणे व अभ्यास करणे न्याहाळले, तेव्हा ही सारी उत्तरे अपुरी ठरली. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते. परंतु ते एकएकटे अभ्यास करीत. चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसत, एकमेकांच्या चुका काढीत आणि आपण कोठे उभे आहोत हे परीक्षेपूर्वीच जाणून घेत. ट्रायझमनने दुर्बलांसाठी शिकवणी काढली नाही. कठीण उदाहरणे एकत्र सोडविण्याच्या कार्यशाळा काढल्या आणि निकाल पालटला. दोष विद्यार्थ्यात शोधण्याची सवय हीच अध्यापकाच्या प्रशिक्षणातील पहिली अडचण होय, हा त्याचा धडा आहे.

महाराष्ट्रातही संस्थेने विद्यार्थ्याकडे पाहून स्वतःला बदलल्याचा दाखला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वर्ग सकाळी भरविले. वेळापत्रक ही वरवर पाहता किरकोळ बाब. पण कोण शिकू शकेल आणि कोण शिकू शकणार नाही, हे तिच्यावरच ठरते.

या अनुभवांतून प्रशिक्षणाचे स्वरूप कसे असावे, हे पुरेसे स्पष्ट होते. प्राध्यापकाने केंद्रात येताना आपल्याच विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका आणाव्यात. त्या चाळताना अज्ञान कोठे आहे आणि केवळ भाषेची अडचण कोठे आहे, हे वेगळे काढण्यास त्याने शिकावे. स्वतःची प्रश्नपत्रिका त्याने सहकाऱ्यासमोर ठेवावी आणि तीत काय तपासले जाते, समज की पाठांतर, हे ऐकून घ्यावे. वर्गाचा निकाल एकत्रित सरासरीने न पाहता मुली, अनुसूचित जाती-जमाती, ग्रामीण भागातून आलेले, हिंदी माध्यमातून आलेले, असा विभागून पाहावा. कारण सरासरी पुष्कळदा दुःख झाकते. पहिल्या सहा आठवड्यांत, म्हणजे विद्यार्थी अजून वर्गात येत असतानाच, लहान चाचणी घेऊन मागे पडणारे ओळखावेत. वार्षिक परीक्षेने त्यांची ओळख पटते तेव्हा उशीर झालेला असतो. आणि हजेरी घेताना आडनावावरून जात चाचपणे, ओघात केलेला विनोद, पहिल्या रांगेकडेच वळणारी नजर, या गोष्टी वर्गनिरीक्षणात सहकाऱ्याने निःसंकोच दाखवून द्याव्यात.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, यामुळे दर्जा खालावेल. पण येथे प्रश्न सोपा करावयाचा नाही; प्रश्नापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी करावयाची आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शंभराहून अधिक विद्यार्थ्यांच्या वर्गात आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकाकडून ही अपेक्षा कशी करावी? हा आक्षेप खरा आहे. ज्याची पुढच्या वर्षीची नेमणूक निश्चित नाही आणि ज्याला प्रशिक्षणासाठी पगारी रजा मिळत नाही, त्याच्याच हाती पुष्कळदा पहिल्या वर्षाचे वर्ग सोपविलेले असतात. बढतीची पायरीच ज्याला नाही, त्याला बढतीच्या आमिषाने प्रशिक्षणाला आणता येणार नाही. त्याला प्रशिक्षणाचा हक्क आणि त्या काळाचे वेतन दिल्याखेरीज या योजनेचा लाभ जेथे सर्वाधिक हवा, तेथेच पोहोचणार नाही.

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात सुमारे ४ कोटी ३३ लक्ष विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. स्थूल नोंदणीचे प्रमाण २८.४ होते, अनुसूचित जातींत ते २५.९ आणि अनुसूचित जमातींत २१.२ होते. प्रवेशाच्या दारातील अंतर असे आकड्यांत मोजले जाते आणि राखीव जागांच्या कायद्यांनी ते कमी होत आले आहे. दारातून आत आलेला विद्यार्थी तीन वर्षांनी काय घेऊन बाहेर पडतो, हे मात्र कायदा ठरवीत नाही. ते वर्गात ठरते आणि वर्ग अध्यापकाच्या हाती असतो. म्हणूनच प्रशिक्षण केंद्राचे यश त्याने वाटलेल्या प्रमाणपत्रांवरून मोजू नये. तेथून परतलेल्या प्राध्यापकाच्या वर्गात, मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलीने वर्षअखेर किती प्रश्न विचारले, यावरून ते मोजावे.