उमेदवारी कोणत्या तराजूत तोलावी?



बारामतीत २०२४ साली विधानसभेला दोन्ही राष्ट्रवादींनी एकाच घराण्यातले काका-पुतणे उभे केले. तेथे निवडीला वावच उरला नव्हता. शेजारच्या इंदापुरात तो होता, म्हणून त्याचा विचार करू.

शरद पवारांच्या पक्षाकडे तेथे प्रवीण माने इच्छुक होते. ऑक्टोबरमध्ये हर्षवर्धन पाटील भाजप सोडून आले आणि उमेदवारी त्यांना मिळाली. पाटील १९९५ पासून ओळीने चार वेळा निवडून आलेले, त्यांपैकी तीनदा अपक्ष. पुढे दत्तात्रय भरणे यांच्याकडून दोनदा पराभूत. माने यांनी बंडखोरी केली. भरणे सुमारे १९ हजारांनी निवडून आले. माने यांना सुमारे ३८ हजार मते पडली. ती सारी पाटलांना मिळाली असती, असे सोपे गणित मी मांडणार नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. एका इच्छुकामागे सहकारी साखर कारखाने, दुसऱ्यामागे दूधधंदा. ज्याच्याकडे आपला ऊस वा दूध जाते, बिलही ज्याच्या हातून येते, त्याची योग्यता शेतकरी कार्यकर्त्याने उघड सभेत तोलावी कशी? मग कालव्याच्या टेलच्या गावांना आवर्तन केव्हा मिळणार, सोलापूरकरांचा विरोध असलेल्या लाकडी-निंबोडी योजनेसाठी उजनीतून पाणी कोणत्या न्यायाने उचलावे, हे इच्छुकांना विचारलेच जात नाही.

आपल्या पक्षाने तरी येत्या निवडणुकीपूर्वी तालुका मेळाव्यात इच्छुकांना समोरासमोर उभे करून हे विचारावे, आणि सभासदांचा कौल गुप्त मतदानाने घ्यावा.