संगत, नित्यक्रम आणि ख्रिस्ती जीवन

माणसाचे तारण देवाच्या कृपेने होते, म्हणजे त्याच्या पुण्याईचा हिशेब न मांडता देवाने आपणहून केलेल्या दयेने होते, ही ख्रिस्ती धर्माची मूळ शिकवण असल्यामुळे, या जीवनात संगतीला आणि सवयींना कितपत स्थान आहे, असा प्रश्न अनेक श्रद्धावंतांच्या मनात येतो. त्याचे उत्तर असे की, तारण हे दान असले तरी ते दान माणसाच्या बोलण्यात, रागलोभात, पैशाच्या व्यवहारात आणि शेजाऱ्याशी वागण्यात उतरायला आयुष्यभराचा काळ लागतो, आणि या उतरण्यालाच ख्रिस्ती धर्मशास्त्रात पवित्रीकरण असे म्हणतात. हे पवित्रीकरण पवित्र आत्म्याचे कार्य मानले जाते. परंतु ते घडते ते घरात, शेतात, बाजारात आणि चार माणसांच्या सहवासात, त्यामुळे ती चार माणसे कोण आहेत आणि दिवसाचे तास कशात जातात, याला फार मोठे महत्त्व येते.

पवित्र शास्त्राने ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे. स्तोत्रसंहितेतील पहिल्याच स्तोत्रात दुर्जनांच्या सल्ल्याने चालणे, त्यांच्या वाटेत उभे राहणे आणि अखेर निंदकांच्या बैठकीत बसणे अशा तीन पायऱ्या दाखवल्या आहेत, आणि त्यांवरून एवढे कळते की वाईट संगत माणसाला एका दिवसात गिळत नाही, ती आधी चालता चालता भेटते, मग थांबवते आणि शेवटी आपल्यात बसवून घेते. करिंथ या व्यापारी बंदराच्या शहरातील नवख्या मंडळीला, म्हणजे तेथील ख्रिस्ती समाजाला, लिहिताना प्रेषित पौलाने कुसंगतीने चांगल्या सवयी बिघडतात हे सांगण्यासाठी जे वचन वापरले, ते मेनांडर या ग्रीक नाटककाराचे समजले जाते. म्हणजे जे सत्य व्यवहारी जगालाही पटलेले होते, त्याची आठवण प्रेषिताला श्रद्धावंतांना करून द्यावी लागली. याउलट, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात यरुशलेमेतील पहिल्या ख्रिस्ती लोकांचा दिनक्रम सांगताना प्रेषितांची शिकवण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना या चार गोष्टी एकत्र घेतल्या आहेत. सहभागिता म्हणजे नुसते एकत्र जमणे नव्हे, तर एकमेकांच्या सुखदुःखात, गरजेत आणि चुकांतही वाटा उचलणे होय.

सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा आणि आसपासच्या गावांतील श्रोत्यांना हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. प्रल्हाद महाराज रामदासी यांच्यामुळे आणि पळसिद्धांच्या मठामुळे ज्या गावाची ओळख दूरवर पसरली, त्या गावाला ठरल्या वेळेची उपासना आणि सत्संग यांचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ख्रिस्ती कुटुंबांची अडचण मात्र थोडी निराळी आहे. लहान गावांत ख्रिस्ती घरे मोजकी असतात, रविवारच्या उपासनेसाठी पुष्कळदा दुसऱ्या गावी जावे लागते, सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापसाच्या वेचणीत तो रविवारही निसटतो, आणि मग जे घर एकटे पडते त्याची श्रद्धा नाताळ, लग्न आणि अंत्यविधी एवढ्यापुरती उरण्याचा धोका असतो. हा धोका नवा नाही, आणि त्यावर विचार करणारी माणसे याच परिसरात होऊन गेली आहेत.

सिंदखेडराजा तालुक्याला लागून असलेल्या जालना भागात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केलेला प्रयोग या दृष्टीने फार अभ्यासण्याजोगा आहे. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या ब्राह्मण तरुणाने १८४३ साली बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाचा जलसंस्कार, घेतला, आणि पुढे जालन्याच्या परिसरात काम करताना त्यांच्याभोवती प्रामुख्याने मांग समाजातील श्रद्धावंत जमले. गावगाड्यात ज्यांना जमीन नव्हती, ज्यांची भाकर गावाच्या मर्जीवर अवलंबून होती आणि ज्यांच्या प्रत्येक दिवसावर जुन्या रूढींची पकड होती, त्या माणसांना नवे जीवन एकटे राहून पेलणार नाही, हे ओळखून शेषाद्रींनी हैदराबाद संस्थानचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि तेथे बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. बेथेल हे नाव उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोबाच्या कथेतून आले असून त्याचा अर्थ देवाचे घर असा आहे.

या प्रयोगामागील विचार असा होता की मनुष्याचा विश्वास बदलला तरी त्याची सकाळ आणि संध्याकाळ बदलली नाही तर जुने जीवन त्याला परत ओढून नेते. वेगळ्या वस्तीने माणसाला शेजार, शाळा, उपासना आणि कष्टाची जमीन एका ठिकाणी मिळते, आणि ज्याला आजवर वेशीबाहेर ठेवले गेले त्याला आपल्या गावात ताठ मानेने वावरता येते. तरीही अशा वस्तीला एक मर्यादा असतेच: जी संगत आधार देते तीच भिंतही होऊ शकते, आणि मग ख्रिस्ती माणूस ज्यांच्यासाठी मीठ आणि प्रकाश व्हावा अशी ख्रिस्ताची अपेक्षा आहे, त्या शेजाऱ्यांपासूनच तो दूर पडतो.

या प्रश्नाची दुसरी बाजू रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनात दिसते. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे नगर भागात राहायला आल्या, तरी त्यांनी आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळाच ठेवला होता. त्यांच्या मनातील भेदाभेद वादविवादाने गेला नाही. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांचीच मुले घरात वावरू लागली, त्यांची दुखणी काढावी लागली, त्यांचे हसणे-रडणे कानांवर पडू लागले, आणि या रोजच्या सहवासात सोवळ्याची गाठ आतून सैल होत गेली. पुढे १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात हा बदल ज्या प्रांजळपणे आला आहे, त्यावरून सहवास हा केवढा मोठा शिक्षक आहे हे कळते. वाईट संगत माणसाला बिघडवते हे सर्वांना ठाऊक असते. पण चांगली संगत माणसाच्या मनातील पिढीजात अढीसुद्धा घालवू शकते, ही लक्ष्मीबाईंच्या जीवनाची साक्ष अधिक मोलाची आहे.

टिळकांनीही पुढे संगतीचे वर्तुळ मोठे करण्याचाच प्रयत्न केला. कीर्तन आणि अभंग या मराठी भक्तीच्या रूपांतून त्यांनी ख्रिस्त गायला, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्वच ख्रिस्तभक्तांना जागा होती. १९१९ साली टिळकांचे निधन झाल्यामुळे दरबाराला त्यांचा सहवास फार काळ लाभला नाही, परंतु त्यातील विचार आजही टिकून आहे. बेथेल आणि देवाचा दरबार ही दोन्ही नावे शेजारी ठेवली म्हणजे ख्रिस्ती संगतीचे पूर्ण रूप ध्यानात येते: श्रद्धावंताला आपली म्हणावीत अशी जवळची माणसे हवीत, आणि त्या जवळिकीचे दार बाहेरच्यांसाठी उघडेही हवे.

येथे एक शंका निघते. ख्रिस्त स्वतः जकातदारांच्या आणि पापी समजल्या गेलेल्या लोकांच्या पंक्तीला बसत असे, आणि त्याबद्दल त्याला बोलही लावला गेला. मग कुसंगत टाळावी हे म्हणणे त्याच्या वागण्याशी कसे जुळते? ते जुळते, कारण ज्यांच्याकडून माणूस वळण घेतो आणि ज्यांच्याकडे तो प्रेम घेऊन जातो, असे सहवासाचे दोन प्रकार आहेत. ख्रिस्त पंक्तीत बसला तो त्या लोकांना देवाच्या जवळ आणण्यासाठी, आणि त्याच वेळी पहाटे एकांतात जाऊन पित्याशी बोलण्याचा त्याचा परिपाठ होता, तसेच बारा शिष्यांचा निकटचा सहवासही होता. म्हणून दारू पिणाऱ्या मित्राच्या घरी त्याच्या आजारपणात जाणे हे ख्रिस्ती कर्तव्य आहे, पण रोज संध्याकाळी त्याच्या गुत्त्यावरच्या बैठकीत बसणे हे त्याला मदत करणेही नव्हे आणि स्वतःला सांभाळणेही नव्हे.

संगतीइतकेच महत्त्व नित्यक्रमाला आहे, कारण मनाची उभारी दोन दिवस टिकते आणि सवय मात्र उभारी नसतानाही माणसाला योग्य ठिकाणी आणून बसवते. इंग्लंडमध्ये धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांनी १७४२ साली ब्रिस्टल येथे प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सुमारे बारा-बारा जणांचे गट केले, आणि गटप्रमुख दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करू लागला. घरोघर जाताना कोणाचे कसे चालले आहे, हेही त्याला दिसू लागले, आणि ती वर्गणीची फेरीच पुढे परस्परांची विचारपूस करणाऱ्या साप्ताहिक बैठकीत बदलली. पुण्याजवळ केडगाव येथील मुक्ति मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या आरंभी रोज एकत्र प्रार्थना करण्यासाठी मुलींना आणि स्त्रियांना हाक दिली, तेव्हा सुमारे ७० जणी पुढे आल्या, ही संख्या वाढत गेली, आणि त्याच वर्षी जूनच्या अखेरीस तेथे जे आध्यात्मिक जागरण झाले त्याची वार्ता दूरदेशी पोहोचली. दुष्काळातून वाचवून आणलेल्या, घर तुटलेल्या अनेक जीवांना तेथे दळण, विणकाम, शिक्षण आणि प्रार्थना यांचा जो ठरलेला दिवस मिळाला, त्या पायावर हे जागरण उभे राहिले, हे विसरता येत नाही.

आजच्या घरातील संध्याकाळ पाहिली म्हणजे अडचण कोठे आहे ते ध्यानात येते. जेवणे होतात, भांडी मोरीत जातात, वडील खाटेवर मोबाइल हातात घेतात, मुलगा दुसऱ्या खोलीत खेळ लावतो, आई मालिका पाहत उद्याची भाजी निवडते, आणि एका छपराखाली असूनही प्रत्येकाची संगत वेगळी झालेली असते. मोबाइल हे साधन वाईट नाही, त्यावर पवित्र शास्त्र वाचताही येते आणि ऐकताही येते. पण जो आवाज रोज दोन-तीन तास कानात पडतो, तोच माणसाचा खरा सोबती होतो, मग तो द्वेष पेरणारा असो, हाव वाढवणारा असो किंवा शांती देणारा असो. म्हणून आज संगतीची निवड करताना पारावरच्या मित्रांइतकाच पडद्यावरच्या सोबत्यांचाही विचार करावा लागतो.

यासाठी कुटुंबांनी काही साध्या गोष्टी कराव्यात. रात्रीच्या जेवणानंतर, भांडी उचलण्याआधी, पंधरा मिनिटांची कौटुंबिक उपासना ठेवावी. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातील एक गीत, शास्त्रातील दहा-बारा ओळी आणि घरातील लहानांपासून थोरांपर्यंत प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना एवढे तिला पुरेसे आहे. ज्या गावात दोन-तीनच ख्रिस्ती घरे आहेत तेथे त्यांनी आठवड्यातून एकदा आळीपाळीने एकमेकांकडे जमावे, आणि जेथे एकच घर आहे त्याने जवळच्या गावातील घराशी फोनवरून तरी ठरल्या वारी प्रार्थना करावी. प्रत्येकाने असा एक विश्वासू माणूस जोडावा की ज्याच्यापाशी आपले पाप कबूल करता येईल आणि जो ते चारचौघांत नेणार नाही. वाईट सवय सोडताना तिची वेळ रिकामी ठेवू नये, त्या वेळेला दुसरे चांगले काम नेमावे. प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाची आठवण करीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा संस्कार, ज्या रविवारी असेल तो रविवार शेतीच्या घाईतही आधीपासून राखून ठेवावा.

या सर्वांत दोन गोष्टींपासून जपले पाहिजे. पहिली ही की, ठरलेली प्रार्थना करणारा माणूस न करणाऱ्याला तुच्छ लेखू लागला, तर ती सवय अहंकाराचेच खाद्य होते. दुसरी ही की, जी मंडळी किंवा जो पुढारी माणसाला प्रश्न विचारू देत नाही, नातेवाइकांपासून तोडतो, किंवा जुनी जातपात मंडळीतही चालू ठेवतो, त्याची संगत धार्मिक दिसली तरी ती सुसंगत नव्हे. चांगल्या संगतीची पारख तिच्या फळांवरून करावी: तेथून घरी आलेला माणूस पत्नीशी अधिक मायेने बोलतो का, मजुराची मजुरी वेळेवर देतो का, उधारी बुडवत नाही ना, आणि दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावतो का, एवढे पाहिले तरी पुरे.

कृपा देवाची असते, पण तिच्यासाठी दिवसातील जागा मोकळी करणे हे माणसाच्या हातात असते. साखरखेर्डा परिसरातील आणि अन्यत्रच्याही ख्रिस्ती कुटुंबांनी ही जागा मोठ्या संकल्पांची वाट न पाहता आज रात्रीच्या जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांपासून मोकळी करावी, एकट्या पडलेल्या एका घराला या आठवड्यात आपल्यात सामील करून घ्यावे, आणि हा क्रम सुगीतही मोडू देऊ नये.