फौजी माणसाच्या मनाची जखम



१९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तेव्हापासून आपल्या कितीतरी घरांतली माणसं फौजेत गेली, पेन्शन घेऊन परतली. गोळीची जखम सगळ्यांना दिसते. पण जो रात्री दचकून उठतो, कुणाशी बोलत नाही, दारू जवळ करतो, त्याला आपण काय म्हणतो? "मिलिट्रीचं डोकं!" एवढं बोलून मोकळे होतो. अहो, तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

२००३ पासून सरकारची ईसीएचएस योजना चालू आहे. पेन्शनर माजी सैनिक, त्याची पत्नी आणि त्याच्यामागे राहिलेली विधवा भगिनी यांना तिथे मनाच्या आजारावरही उपचार मिळतात. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतून, विनामूल्य बोलता येते. २०२३ साली पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलासाठी त्याचा खास कक्षही निघाला.

पण फौजी माणूस आपणहून "मला त्रास होतो" असे म्हणणार नाही. त्याला तो कमीपणा वाटतो. म्हणून टिटवाळ्यातल्या माझ्या भगिनींनो, पहिला फोन तुम्ही लावा. कार्डाची चौकशी मुलांनी करावी. ही भीक नव्हे, त्याने कमावलेला हक्क आहे.

जय भीम!