नाव १७५६ ला, दार १९८६ ला

(जिल्हा मेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात कापसाच्या भावावर बोलणे झाले. आता आम्हाला विषय दिला आहे पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्याचा. फळ्यावर विषय वाचून मागच्या रांगेतले एक काका म्हणाले, "इथे बोंडाला भाव नाही आणि हे द्राक्षाची दारू बघायला परदेशात!" काकांचे काही चुकले नाही. म्हणून हिशेब आधीच देतो. आम्ही तिघे गेलो ते पदरच्या पैशाने. चळवळीच्या पावतीपुस्तकातला एक रुपया त्यात नाही. आणि मायबहिणींनो, तुम्ही ज्या गावांत बाटली आडवी केली, तिथे येऊन दारूची भलामण करण्याची आमची छाती नाही. बोलायचे आहे ते तिथल्या कोरडवाहू शेतकऱ्याबद्दल. त्याची गोष्ट ऐकताना तुम्हाला वारंवार आपलाच सातबारा आठवेल.

पोर्तुगीज म्हटले की आपल्याला गोवा आठवतो. त्याच पोर्तुगालच्या उत्तरेला पोर्तो नावाचे बंदर आहे. तिथून आगगाडी निघते आणि पुढे नदीच्या काठाकाठाने डोंगरात शिरते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी बांधांच्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर द्राक्षाच्या ओळी. आम्ही सप्टेंबरात गेलो, तोडणीचा हंगाम होता. पिन्यांव नावाच्या छोट्या स्टेशनाच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रे आहेत. देवादिकांची नाहीत, राजांची नाहीत. द्राक्ष तोडणाऱ्या बाया आणि टोपल्या वाहणारे गडी. आपल्याकडच्या एखाद्या स्टेशनावर कापूस वेचणाऱ्या बाईचे चित्र कुणी पाहिले असेल तर आम्हाला सांगावे.

आता शेतीचे सांगतो. शेतकी कॉलेजात आम्हाला शिकवले होते की उतार जास्त आणि माती उथळ, ती जमीन गवताला सोडा. हे खोरे त्या पुस्तकात नापास आहे. तिथे माती अशी नाहीच. पाटीच्या दगडासारखा शिस्ट नावाचा खडक आहे. त्याचे थर आडवे नाहीत, बरेचसे उभे आहेत. त्या उभ्या फटींतून पावसाचे पाणी खाली मुरते आणि वेलाचे मूळ पाण्याच्या मागे कित्येक हात खोल जाते. पाऊस पश्चिमेकडे वर्षाला ९०० मिलिमीटरच्या आसपास, आणि स्पेनच्या हद्दीकडे जाता जाता ४०० पर्यंत उतरतो. तोही बहुतेक हिवाळ्यात. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. पिढ्यान्‌पिढ्या ही शेती आभाळाच्या भरवशावर झाली. १९७० नंतर नदीवर पाच धरणे झाली, नदीचे तळे झाले, त्यावर आता पर्यटकांच्या बोटी फिरतात. तरी वरचे बहुतेक मळे कोरडवाहूच. पाणी पायथ्याशी आणि रान तहानलेले, हे चित्र आपल्याला नवे नाही.

ते बांध पहारीने खडक फोडून, कोकणात गडगा घालतात तसे चुनामातीशिवाय रचलेले आहेत. १८६० नंतर अमेरिकेतून फायलॉक्सेरा नावाची मुळावरची कीड आली आणि मळेच्या मळे वाळले. शेवटी अमेरिकन खुंटावर कलम करून वेल वाचवले. आज नाशिक-सांगलीचा बागायतदार डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो, तीच ही युक्ती. पण ज्यांना पुन्हा लावण करणे झेपले नाही, त्यांच्या पायऱ्या तशाच ओस पडल्या. आजही त्यांवर झुडपे माजलेली दिसतात. तिथले लोक त्यांना मेलेली राने म्हणतात. पर्यटक त्यांचाही फोटो काढतो, कारण लांबून तेही सुंदर दिसते. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीने उभे झाड असून रिकामे झालेले कापसाचे रान ज्याने पाहिले आहे, त्याला ते सुंदर दिसत नाही.

या बांधांना युनेस्कोने २००१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतले, २४,६०० हेक्टर. अजिंठा-वेरूळ ज्या यादीत आहेत, त्याच यादीत शेतकऱ्याचा बांध. तिथून वर कोआ नावाच्या उपनदीत वीस हजार वर्षांपूर्वी माणसाने खडकावर कोरलेले बैल आणि घोडे आहेत. तिथे धरणाचे काम सुरू झाले होते. १९९४ च्या अखेरीस ती चित्रे जगासमोर आली, गावच्या शाळेची पोरेसुद्धा मोहिमेत उतरली, आणि पुढे सरकारने धरण थांबवले. १९९८ मध्ये तेही वारसा यादीत आले. लोक जागे असले तर सुरू झालेले धरणही थांबते, एवढे इथे लक्षात ठेवू आणि मूळ मुद्द्याकडे येऊ.

मुद्दा असा. एवढे नाव, एवढा वारसा, एवढे पर्यटक. मग घाम गाळणाऱ्याच्या पदरात काय पडले?

सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रज व्यापारी ही वाइन उचलू लागले. मागणी वाढली तशी भेसळ आली. रंग यावा म्हणून एल्डर नावाच्या झुडपाची काळी फळे पिळून घालू लागले. नाव बदनाम झाले आणि भाव कोसळला. तेव्हा पोर्तुगालचा कारभार पाहणाऱ्या पोंबालने १७५६ मध्ये एक कंपनी काढली आणि खोऱ्याची हद्द आखून दिली. तीनशेच्या वर दगडी खांब रोवले. या खांबांच्या आतले ते खरे, बाहेरचे ते खोटे. जगातल्या अगदी जुन्या अशा हद्दींपैकी ही एक. शेतमालाला गावाचे नाव कायद्याने मिळाले ते असे, आजपासून अडीचशेच्या वर वर्षांपूर्वी.

पण त्याच कंपनीला ब्राझीलच्या निर्यातीचा मक्ता मिळाला, पोर्तोच्या गुत्त्यांतल्या विक्रीचा मक्ता मिळाला, वाइनमध्ये घालायच्या ब्रँडीचाही मक्ता मिळाला. कंपनी चालवणारे कोण, तर बडे जमीनदार आणि शहरातले धनिक. १७५७ मध्ये पोर्तोत लोक रस्त्यावर उतरले. सरकारने कित्येकांना फाशी दिली. एकाधिकार खरेदी म्हणजे काय, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूसवाल्याला समजावून सांगायला नको. आपल्याकडे ती योजना १९७२ मध्ये आली, आणि स्वतःच्या शेतातला कापूस राज्याच्या हद्दीबाहेर नेणारा शेतकरी चोर ठरला.

पुढचे ऐका. वाइन तयार होई खोऱ्यात. ती सपाट बुडाच्या होड्यांतून नदीने खाली येई आणि पोर्तोच्या समोरच्या काठावर, गाया गावात, व्यापाऱ्यांच्या वखारीत पिंपांत मुरत पडे. १९२६ मध्ये कायदाच झाला की पोर्ट वाइन परदेशी जायची असेल तर ती गायाच्या वखारीतूनच जाईल. म्हणजे शेतकऱ्याने बांध रचायचा, वेल जोपासायचा, द्राक्ष पायाने तुडवायचे. पण पिंपाला बाहेरचे दार दाखवायचे ते दुसऱ्याने. हा कायदा बदलला १९८६ मध्ये. त्या वर्षापासून खोऱ्यातला शेतकरी आपली पोर्ट थेट परदेशी पाठवू शकतो. नाव १७५६ ला मिळाले, दार १९८६ ला उघडले. मधे २३० वर्षे गेली.

१९८६ हे साल आपल्यालाही विसरता येत नाही. त्याच वर्षी १० डिसेंबरला हिंगोलीकडच्या सुरेगावला कापसाच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीने आपले तीन शेतकरी गेले. तिकडे दार उघडले आणि इकडे दार ठोठावणाऱ्यांवर गोळी चालली.

भावांनो, दार उघडले म्हणजे सगळे गोड झाले, असे सांगितले तर ते खोटे होईल. त्या खोऱ्यात द्राक्षाखाली सुमारे ४३ हजार हेक्टर आहे आणि वाटणी केली तर माणशी दोन हेक्टरच्या आसपास पडते. म्हणजे आपलाच पाच एकरवाला. प्रत्येक मळ्याला उतार, उंची, माती, वेलाचे वय असे गुण देतात. त्यात उतारा जास्त तर गुण कमी! आपल्याकडे शेतीखाते "उत्पादन वाढवा" एवढा एकच मंत्र म्हणते. त्या गुणांवर ठरते की यंदा कोणाच्या किती द्राक्षाची पोर्ट होणार. सगळ्या खोऱ्याची परवानगी २०२३ मध्ये १ लाख ४ हजार पिंपे होती, २०२४ मध्ये ९० हजार, २०२५ मध्ये ७५ हजार. एक पिंप म्हणजे ५५० लिटर. जगात पोर्टचा खप घटला, कंपन्यांच्या वखारी भरलेल्या, आणि छोट्याला निरोप मिळाला की यंदा तुमचे द्राक्ष नको. २०२५ मध्ये रेग्वा गावात शेतकरी रस्त्यावर आले. बोटीतले पर्यटक त्याच दिवसांत त्याच बांधांचे फोटो काढत होते.

शेतकऱ्यांची संघटना तिथे नव्हती असे नाही. १९३२ मध्ये तिथे कासा दो दोरू नावाची उत्पादकांची सभा उभी राहिली. सभासदत्व सक्तीचे होते. १९९० मध्ये तिने कर्ज काढून एका निर्यात कंपनीत हिस्सा घेतला आणि ती कर्जात बुडाली. २०१४ मध्ये तिचा सरकारी दर्जा गेला, २०२४ मध्ये कायद्याने ती पुन्हा उभी केली. सक्तीचा सभासद आणि उसना पैसा यांवर चालणाऱ्या संस्थेचे काय होते, हे आपल्या जिल्ह्यातल्या सहकाराकडे पाहून ज्याने त्याने ताडावे.

तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने दुभाष्यामार्फत आम्हाला एक गोष्ट सांगितली, ती आम्ही गाठीला बांधून आणली. तो म्हणाला, पोर्ट जितकी थांबेल तितकी महाग होते, पण माझे द्राक्ष दोन दिवससुद्धा थांबत नाही. सगळे अर्थशास्त्र यात आले. ज्याची थांबण्याची ताकद, त्याचा भाव. पिंप मुरत ठेवणारा थांबू शकला. द्राक्ष विकणारा नाही.

आपला माल मात्र थांबतो. ज्वारी कणगीत थांबते, कापूस घरात थांबतो. थांबत नाही ते कर्ज, थांबत नाही ते पोरीचे लग्न. म्हणून दिवाळीच्या तोंडावर पडेल त्या भावाने गाडी रिकामी होते.

नावाचेही पाहा. भौगोलिक नावाचा कायदा आपल्याकडे १९९९ मध्ये झाला. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये नोंदणी मिळाली आणि आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही २०१६ मध्ये मिळाली. आनंद आहे. पण मंगळवेढ्याच्या नावाने शहरात ज्वारी विकणारा दुकानदार कोण आणि पोत्यामागे शेतकऱ्याला जादा काय मिळाले, हे विचारल्याशिवाय नाव म्हणजे नुसता सत्काराचा नारळ.

आणि दाराचे? मार्च २०१२ मध्ये दिल्लीने कापसाची निर्यात एका फतव्याने बंद केली. ऑगस्ट २०२५ मध्ये, आपला कापूस वेचणीला येण्याच्या आधी, बाहेरच्या कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत काढून टाकले. बाहेर जायचे दार लावायचे आणि आत यायचे उघडायचे. किल्ली दोन्ही वेळा दुसऱ्याच्याच कमरेला.

म्हणून संध्याकाळच्या ठरावात तीन ओळी घालाव्यात, असे आमचे म्हणणे आहे. ज्वारी तारणावर ठेवायची सोय असेल तिथे ती हंगामाच्या पहिल्या दिवसापासून सुरू राहावी, आणि तशीच सोय कापसाच्या गाठींना मिळावी. ज्या गावांना जमेल त्यांनी यंदा शंभर क्विंटल तरी कापूस एकत्र जिनिंग करून गावाच्या नावाने गाठी बांधून पाहाव्यात. कर्ज काढून नव्हे, आणि सभासद सक्तीने नव्हे. आणि निर्यातबंदी पेरणीनंतर कधीही लावता येणार नाही, असे सरकारकडून लिहून घ्यावे.

मायबहिणींनो, त्या खोऱ्यातले बांध रचणाऱ्यांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत. वखारींवरच्या पाट्या मात्र जगाला पाठ आहेत. आपल्या नातवंडांच्या वेळी असे म्हणायची पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हा लांबचा दाखला दिला. त्यांना २३० वर्षे लागली. आपल्याला तेवढी सवड नाही.

जय किसान.