खटका पाडला तरी तार जिवंत
(पुणे शहरातील बैठकीतले भाषण)



पुण्याच्या गच्चीवर आणि आपल्या विहिरीवर सौर पॅनेल एकाच जातीचे. पंपाचा खटका पाडला तरी ऊन आहे तोवर पॅनेलची तार जिवंतच. दहा पॅनेल माळेत जोडले की दाब चारशे व्होल्टच्या आसपास जातो.

यावर तोड आहे. एक पेटी त्याच तारांतून सतत ‘चालू राहा’ असा इशारा देते. इशारा थांबला, की प्रत्येक पॅनेलमागचे यंत्र आपणहून वीज अडवते. राखणदाराची हाक थांबली की वस्ती सावध होते, तसेच. अमेरिकेच्या २०१७ च्या वीजसंहितेने छपरावरचा दाब ३० सेकंदांत ८० व्होल्टपर्यंत उतरवण्याची सोय सांगितली, ती आग विझवणाऱ्यांच्या जिवासाठी.

शेतकऱ्याचा जीव काय स्वस्त आहे? पंपाबरोबर ही सोयही द्या, अशी आमची मागणी आहे. तोवर उन्हात तुटलेल्या तारेला हात लावू नका.