मूठभर धान्याचे ऋण



मठाच्या या वर्धापन-महोत्सवात धर्मादायाविषयी दोन शब्द बोलावे, अशी मला आज्ञा झाली आहे. दान म्हटले की मोठ्या धर्मशाळा आणि संगमरवरी पाटीवर कोरलेली नावे आपल्या डोळ्यांपुढे येतात. मग ज्यांचा पगार महिनाअखेरीपर्यंत पुरत नाही, अशा उधना-लिंबायतेतील आपल्या खानदेशी कामगारांनी काय करावे? या प्रश्नाचे उत्तर याच सुरतेत सापडते.

जेम्स फोर्ब्स नावाच्या इंग्रजाने १८१३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात येथील पशुरुग्णालयाचे वर्णन केले आहे. घोडे, बैल, माकडे आणि पक्षी यांच्यासमवेत तेथे एक वृद्ध कासव होते व ते पंचाहत्तर वर्षे तेथे असल्याचे तो सांगतो. कासवाला पाऊणशे वर्षे सांभाळावयाचे, तर एखाद्या धनिकाची एका दिवसाची लहर पुरत नाही. तेथे पिढ्यान्‌पिढ्यांची नित्यता लागते. गुजराथेतील महाजनांनी हे मर्म ओळखले होते. सौद्यामागे अल्पसा ‘लागा’ घ्यावयाचा आणि त्यावर पांजरपोळ चालवावयाचे, ही त्यांची रीत होती.

महाराष्ट्रानेही हाच मार्ग चोखाळला. १९०७ च्या डिसेंबरात राष्ट्रसभा याच सुरतेत भरली आणि दुफळीत मोडली. परंतु त्या सभेस आलेल्या लोकमान्यांचे पाठबळ लाभलेला अंताजी दामोदर काळे यांचा ‘पैसा फंड’ मोडला नाही. माणशी वर्षाला एक पैसा, एवढीच त्याची मागणी होती. त्या पैशांतून १९०८ साली तळेगावी काचेचा कारखाना उभा राहिला. पुढे १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि खेड्यापाड्यांतील बायाबापड्यांच्या मुष्टिफंडावर गोरगरिबांची मुले जेवली, शिकली.

या मुठीचे थोरपण तिच्या वजनात नाही. दळण जात्यात घालण्यापूर्वी जी मूठ बाजूला काढली जाते, ती उरलेल्यातून दिलेली नसते. आपल्या भाकरीतून आधी काढलेला तो दुसऱ्याचा वाटा असतो. दान हे सवडीचे कृत्य न राहता स्वयंपाकाइतके नित्याचे होते, ते असे.

परंतु येथे एक कठोर गोष्ट बोलणे मला प्राप्त आहे. सहस्रावधी रुपये देणारा गृहस्थ हिशेब मागू शकतो. मूठ देणारी माउली तो कधीच मागत नाही. तिला कोणी पावती देत नाही व तिचे नाव पाटीवर चढत नाही. म्हणूनच तिच्या धान्याचा हिशेब आपण होऊन देणे, हे घेणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय. थेंबाथेंबाने साठलेला विश्वास एका अपहाराने आटतो, आणि मग पुढच्या घरची मूठ उघडत नाही.

म्हणून माझी नम्र सूचना एवढीच की, या महोत्सवाची स्मृती म्हणून मठाच्या द्वारी एक साधा रांजण ठेवावा. त्याशेजारी एक फळा असावा. त्यावर दरमहा किती धान्य आले आणि ते कोणाच्या मुखी गेले, हे मराठीत आणि गुजरातीत ठळक अक्षरांनी लिहावे. मूठ घालणाऱ्या माउलीला अक्षरओळख नसेल, तर तिच्या शाळकरी मुलाने ते तिला वाचून दाखवावे. ज्या दिवशी तो तिला ते वाचून दाखवील, त्या दिवशी तिच्या ऋणातून आपण अंशतः तरी मुक्त होऊ.